चपलांचा बिल्ला आणि ब्राउझरमधली कुकी

मे २०१९ मध्ये एका प्रवाशानं ट्विटरवर तक्रार केली. रेल्वेचं तिकीट काढायच्या आयआरसीटीसीच्या ॲपमध्ये वारंवार अश्लील जाहिराती दिसतात, हे काय चाललंय? आयआरसीटीसीचं उत्तर आलं: जाहिराती गूगलच्या यंत्रणेतून येतात, ती यंत्रणा कुकीज वापरते, तुम्ही नेटवर काय बघता त्यावरून जाहिराती ठरतात, तेव्हा ब्राउझरमधल्या कुकीज आणि हिस्टरी साफ करून टाका. थोडक्यात, आरसा स्वच्छ आहे, तोंड धुऊन या. तक्रार करणाऱ्याची चारचौघांत शोभा झाली आणि बाकीच्यांना हसायला आयता विषय मिळाला.

ते उत्तर अर्धं बरोबर होतं आणि अर्धं चूक. कुठलं अर्धं कुठे पडतं ते शेवटी सांगतो, कारण त्यासाठी आधी कुकी म्हणजे काय ते कळायला हवं. आणि ती मुळात अगदी साधी गोष्ट आहे.

विसरभोळा सर्व्हर

कुठल्याही गर्दीच्या देवळाबाहेर चपला ठेवायचा स्टँड असतो. तुम्ही चपला देता, तो माणूस त्या एका खणात टाकतो आणि तुमच्या हातावर एक पितळी बिल्ला ठेवतो. समजा, २१४ नंबरचा. तो तुमचं नाव विचारत नाही, चेहरा तर बघतही नाही. तासाभरानं तुम्ही बिल्ला दिलात की २१४ च्या खणातल्या चपला समोर येतात. बिल्ल्यावर तुमच्याबद्दल काहीही लिहिलेलं नाही. जे काही आहे ते त्याच्या खणात.

वेबसाइटचा सर्व्हर, म्हणजे तिची पानं पाठवणारा संगणक, हा त्या स्टँडवाल्यापेक्षाही विसरभोळा असतो. तुमच्या ब्राउझरनं पान मागितलं, त्यानं दिलं, विषय संपला. दोन सेकंदांनी त्याच साइटवरचं दुसरं पान मागायला गेलात तर तुम्ही त्याला पुन्हा अनोळखी. वेबची रचनाच तशी आहे. त्यामुळे पहिल्या पानावर साडी पिशवीत टाकली आणि पैसे भरायच्या पानावर गेलात, तर पिशवी कुणाची हे सर्व्हरला कळायला मार्गच नाही.

म्हणून पहिल्या भेटीत सर्व्हर पानासोबत एक छोटी ओळ पाठवतो आणि ब्राउझरला सांगतो, हे जपून ठेव, पुन्हा येशील तेव्हा दाखव. ब्राउझर ती ओळ ठेवून घेतो आणि त्या साइटकडे जाताना दर वेळी न विसरता दाखवतो. ही ओळ म्हणजे कुकी. तिच्यात बहुतेक वेळा अक्षरं-आकड्यांची एक निरर्थक लांबलचक माळ असते. आकार फार तर ४०९६ बाइट. ती प्रोग्राम नाही, त्यामुळे ती व्हायरस नाही, आणि तुमच्या गॅलरीतले फोटो वाचायला ती हातपाय हलवू शकत नाही. नाव, पत्ता, पिशवीतली साडी हे सगळं आता बहुधा सर्व्हरच्या वहीत असतं. तुमच्याकडे फक्त बिल्ला.

ही युक्ती १९९४ सालची. ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या प्रोग्रामरची. एमसीआय या अमेरिकन टेलिफोन कंपनीला नेटवर दुकान थाटायचं होतं, पण गिऱ्हाइकांच्या अर्धवट भरलेल्या पिशव्या स्वतःच्या सर्व्हरवर सांभाळत बसायची तिची तयारी नव्हती. मग ते ओझं गिऱ्हाइकाच्याच संगणकावर ठेवू, असं माँटुलीनं सुचवलं. म्हणजे तेव्हा पिशवीच कुकीत ठेवायची होती, नुसता बिल्ला ही पुढची रीत. नावाचा खाण्याशी संबंध नाही. एका प्रोग्रामनं दुसऱ्याला दिलेल्या आणि जशाच्या तशा परत घ्यायच्या खुणेला युनिक्स या संगणक प्रणालीवर काम करणाऱ्या मंडळींत आधीपासून ‘मॅजिक कुकी’ म्हणत, तेच नाव पुढे चिकटलं.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माँटुलीपुढे याहून सोपा पर्याय होता. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा नंबर द्यायचा आणि तो सगळ्या साइटना दाखवायचा. त्यानं तो मुद्दाम टाळला, कारण मग माणूस कुठून कुठे गेला हे सगळ्यांनाच कळलं असतं. त्याऐवजी नियम असा ठेवला की ज्या साइटनं बिल्ला दिला, तो फक्त तिलाच दाखवायचा. बँकेची कुकी बँकेला, वर्तमानपत्राची वर्तमानपत्राला. एकाला दुसऱ्याची दिसत नाही, हा नियम आजही पाळला जातो. तरीही पाणी मुरलंच. ते कुठे, ते बघू.

सगळ्या देवळांबाहेर एकच ठेकेदार

तुम्ही बातमीचं एक पान उघडता तेव्हा ते एका ठिकाणाहून येत नाही. मजकूर वर्तमानपत्राच्या सर्व्हरवरून, व्हिडिओ दुसरीकडून, ‘लाइक’चं बटण तिसरीकडून, जाहिरातीची चौकट चौथीकडून. कधी कधी तर नजरेला दिसणारही नाही असं एका ठिपक्याएवढं चित्र पाचवीकडून. प्रत्येक तुकडा मागायला ब्राउझरला त्या त्या सर्व्हरकडे जावं लागतं आणि गेल्यावर तो सर्व्हरही स्वतःचा बिल्ला देऊ शकतो. पत्त्याच्या पट्टीत ज्या साइटचं नाव दिसतं तिनं दिलेली ती पहिल्या पक्षाची कुकी. बाकीच्यांनी दिलेल्या त्या तृतीय पक्ष कुकीज.

आता कल्पना करा, गावातल्या सगळ्या देवळांबाहेर, वाचनालयाबाहेर, सिनेमाबाहेर, भांड्यांच्या दुकानाबाहेर आणि डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेरही चपलांचा ठेका एकाच माणसाकडे आहे. बिल्ला एकच, सगळीकडे चालतो आणि वर्षभर परत द्यायचा नाही. नियम मोडलेला नाही, बिल्ला ज्याचा त्यालाच दाखवला जातोय. पण त्या ठेकेदाराच्या वहीत २१४ नंबरच्या पानावर काय काय जमा होईल? सोमवारी मधुमेहाच्या डॉक्टरांकडे, मंगळवारी मिक्सर बघितला पण घेतला नाही, बुधवारी वधू-वर सूचक मंडळात. नाव माहीत नाही, पण नावावाचून अडलंय कुठे? आणि एखाद्या दुकानात तुम्ही नाव-नंबर देऊन खरेदी केलीत आणि त्या दुकानदारानं ते ठेकेदाराला कळवलं, की मागची सगळी पानं नावासकट झाली.

नेटवरच्या जाहिरातींचा मोठा डोलारा याच वहीवर उभा राहिला. डबलक्लिक ही कंपनी १९९६ मध्ये याच धंद्यात उतरली. ३.१ अब्ज डॉलरला ती विकत घेणार असल्याचं गूगलनं २००७ मध्ये जाहीर केलं. धोका तोपर्यंत कुणाला दिसला नव्हता असं मात्र नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये निघालेल्या कुकीजच्या पहिल्या अधिकृत मानकातच म्हटलं होतं की असल्या परक्या कुकीज ब्राउझरनं आपणहून स्वीकारू नयेत. तेव्हाच्या दोन्ही मोठ्या ब्राउझरनी ती ओळ खुशाल बाजूला ठेवली.

माझी मावशी मला दर भेटीत विचारते, “अरे, फोन आपलं बोलणं ऐकतो का रे? मी मिक्सर बघितला एका ठिकाणी, आता पंचांग उघडलं तरी मिक्सरच!” मावशी, ऐकायची गरजच पडत नाही. तू मिक्सर बघितलास तिथे ठेकेदार बसला होता, आणि पंचांगाच्या साइटवरही तोच बसलाय.

‘स्वीकारा’ म्हणजे नक्की काय स्वीकारा?

साइट उघडली की खालून वर येणारी ती पट्टी युरोपातून आली. तिथला २००२ चा निर्देश २००९ मध्ये बदलला आणि वाचकाच्या संगणकावर काही ठेवायचं तर आधी त्याची संमती घ्या, असं ठरलं. २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कडक कायदा लागू झाला आणि पट्ट्यांचं पीकच आलं. साइटना गिऱ्हाईक जगभरचं, म्हणून ती पट्टी नाशिकमध्ये बसलेल्या वाचकालाही दिसते.

पट्टीतली मेख अशी की ‘सगळं स्वीकारा’ हे बटण मोठं, ठसठशीत असतं आणि ‘नाकारा’ दोन-तीन पानं आत दडलेलं. युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानं १ ऑक्टोबर २०१९ रोजी सांगितलं की आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. २०२१ च्या अखेरीस फ्रान्सच्या नियामकानं गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड ठोठावला. कारण स्वीकारायला एक क्लिक पुरत होती, नाकारायला अनेक लागत होत्या.

माझं मत विचाराल तर पट्टीचा हा प्रयोग फसला. दिवसाला वीस वेळा कुणी काही विचारलं तर माणूस विसाव्या वेळी काहीही कबूल करतो. तरी एक लक्षात ठेवण्यासारखं आहे: ‘फक्त आवश्यक’ किंवा ‘सगळं नाकारा’ दाबल्यानं तुमचं सहसा काहीही अडत नाही. लॉगिन टिकणं, पिशवी लक्षात राहणं यासाठी लागणाऱ्या कुकीजना तिथल्या कायद्यानुसार संमती लागतच नाही. त्यामुळे नकार फक्त ठेकेदाराला जातो, दुकानदाराला नाही.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. कायद्यात कुकी हा शब्द शोधून सापडणार नाही. पण कुकीच्या वाटेनं तुमचा वैयक्तिक डेटा गोळा होत असेल तर तो त्याच्या कक्षेत येतो. संमती मोकळी, नेमकी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. मला यातली आवडलेली तरतूद वेगळीच आहे. संमतीचा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल. म्हणजे मराठीतही. आता ते मराठी माणसाला कळेल असं असेल की ‘आपली प्राधान्ये व्यवस्थापित करा’ छापाचं, ते बघायचं.

मावशीच्या फोनवर काय केलं

पट्टीशी रोज भांडण्यापेक्षा ब्राउझरमध्ये एकदाच दार लावून घेणं बरं. मावशीचा फोन अँड्रॉइडचा, ब्राउझर क्रोम. वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, त्यात तृतीय पक्ष कुकीज. तिथे ‘ब्लॉक करा’. चहा गाळून होईपर्यंत काम झालं. संगणकावर हेच गोपनीयता आणि सुरक्षा या भागात सापडतं.

आयफोनवाल्यांना एवढंही करावं लागत नाही. ॲपलच्या सफारीनं परक्या कुकीज मार्च २०२० पासून सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सनं जून २०२२ मध्ये प्रत्येक साइटसाठी कुकीजची वेगळी बरणी ठेवणं आपोआप चालू केलं, म्हणजे ठेकेदार सगळीकडे बसला तरी दर ठिकाणी त्याला नवा बिल्ला द्यावा लागतो. क्रोमची कथा मात्र लांबलचक. गूगलनं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं, दोन वर्षांत आम्हीही बंद करतो. मग २०२३ म्हणाले, मग २०२४, मग २०२५. जुलै २०२४ मध्ये बेत सोडला आणि एप्रिल २०२५ मध्ये, निवड विचारणारी वेगळी खिडकीसुद्धा दाखवणार नाही, असं जाहीर केलं. ज्याचं पोट जाहिरातींवर चालतं त्याच्याकडून आणखी कसली अपेक्षा करायची? तर क्रोममध्ये ते दार आपणच लावायचं.

दार लावल्यावर क्वचित एखादी साइट कुरकुरते. दुसऱ्या साइटच्या खात्यानं लॉगिन करायची सोय किंवा पानात बसवलेली पैसे भरायची चौकट नीट उघडत नाही. अशा वेळी सगळं पुन्हा मोकळं करू नका, सेटिंगमध्ये त्या एकाच साइटला सूट देता येते.

मग कुकीज पुसून टाकण्याचं काय? पुसल्या की सगळीकडून लॉगआउट होता, आणि अनेक ठिकाणी तुमचाच फोन नवा समजून पुन्हा ओटीपी मागितला जातो. सेव्ह केलेले पासवर्ड वेगळे असतात, त्यांच्यापुढे आपण होऊन टिक केली नाही तर ते जात नाहीत. रोज सगळं पुसायची सवय मात्र अंगाशी येते. तुम्ही एखाद्या साइटला ‘नाही’ म्हणालात, हे त्या साइटनं लक्षात ठेवलेलं असतं ते बहुधा कुकीतच. ती पुसली की पट्टी पुन्हा हजर! साइट गंडली असेल तर फक्त तिच्या कुकीज पुसा. बाकी जुन्या कुकीज आपोआप मरतात. काही कुकीज ब्राउझर बंद करताच जातात, काहींवर तारीख असते, आणि क्रोम कुठलीही कुकी ४०० दिवसांपेक्षा जास्त ठेवत नाही.

ब्राउझरच्या गुप्त म्हणजे इन्कॉग्निटो मोडबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. तिथे तुम्ही रिकाम्या हातानं आत जाता आणि मिळालेले बिल्ले बाहेर पडताना फेकून देता, इतकंच. ऑफिसचं नेटवर्क, इंटरनेट कंपनी आणि खुद्द ती साइट यांना तुम्ही दिसताच. गुप्त मोडमध्येही माग काढला म्हणून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर दावा लागला आणि २०२४ च्या तडजोडीत गूगलनं अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं.

बिल्ला चोरीला गेला तर

जाहिरात मागे लागणं हा वैताग आहे. कुकी चोरीला जाणं हे संकट आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. स्टँडवाला चेहरा बघत नाही हे आठवतंय ना? ज्याच्या हातात बिल्ला, त्याच्या चपला. तुम्ही पासवर्ड टाकला, ओटीपी टाकला, आत गेलात, त्यानंतर साइट तुम्हाला ओळखते ती फक्त कुकीवरून. ती कुकी दुसऱ्याच्या हाती पडली तर तो पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही ओलांडून थेट घरात.

ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या प्रोग्रामरनं फायरशीप नावाचं एक छोटं साधन लोकांसमोर ठेवलं. उघड्या वायफायवर बसून शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं फेसबुक त्यातून एका क्लिकवर उघडता येत होतं, कारण कुकी हवेतून उघडीवाघडी जात होती. ते ठेवण्यामागे त्याचा हेतू कंपन्यांना लाज वाटावी हाच होता. पुढे मोठ्या साइट हळूहळू पूर्णपणे एचटीटीपीएसवर, म्हणजे सगळं कुलूपबंद करून पाठवायच्या पद्धतीवर गेल्या, आणि ही वाट बरीचशी बंद झाली.

आता चोर दुसऱ्या वाटेनं येतात. मार्च २०२३ मध्ये ‘लायनस टेक टिप्स’ हे दीड कोटीहून जास्त सदस्य असलेलं यूट्यूब चॅनेल काही तासांसाठी चोरांच्या ताब्यात गेलं. प्रायोजकाचा प्रस्ताव म्हणून आलेली फाइल कर्मचाऱ्यानं उघडली, ती दिसायला पीडीएफ होती, पण पीडीएफ नव्हती, आणि तिनं ब्राउझरमधल्या सगळ्या कुकीज उचलून नेल्या. पासवर्ड कुणी फोडला नाही. फुकटात मिळालेलं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर बसवताना हे आठवावं.

आणि आपल्याकडचं रोजचं उदाहरण म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातला संगणक. प्रवेशाचे फॉर्म, परीक्षांचे फॉर्म भरायला मुलं तिथे ईमेल उघडतात, डिजिलॉकर उघडतात, प्रिंट काढतात आणि वरच्या फुलीवर क्लिक करून घरी जातात. फुलीनं खिडकी बंद झाली, पण बिल्ला तिथेच राहिला. ‘लॉगआउट’ दाबल्यावर सर्व्हर आपल्या वहीतला तो नंबर सहसा खोडतो, मग बिल्ला कुणाच्या हाती पडला तरी उपयोगाचा नाही. विसरलात तर घरून आपल्या फोनवर त्या खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बाकीच्या सगळ्या डिव्हाइसवरून बाहेर पडता येतं. गूगलसारख्या मोठ्या सेवांमध्ये ही सोय असते.

आता त्या तिकिटाच्या ॲपकडे

तर आयआरसीटीसीच्या उत्तरातलं बरोबर ते हे, की जाहिरात कुणाला कुठली दाखवायची हे बघण्याच्या इतिहासावरून ठरू शकतं. चुकलं ते हे, की तक्रार ॲपबद्दल होती. ॲपची आणि ब्राउझरची कुकीजची बरणी एक नसते. फोनवरच्या ॲपमध्ये ठेकेदाराचं काम मुख्यतः एक वेगळाच नंबर करतो, त्याला जाहिरात आयडी म्हणतात. तो फोनलाच चिकटलेला असतो आणि सगळ्या ॲपना सारखाच दिसतो. म्हणजे माँटुलीनं १९९४ मध्ये नको म्हटलेली कल्पनाच, फोनवर मागच्या दारानं आलेली. ब्राउझर कितीही घासला तरी त्या नंबराला धक्का लागत नाही. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, गूगल, जाहिराती इथे जाऊन तो हटवता येतो. आयफोननं एप्रिल २०२१ पासून प्रत्येक ॲपला तो मागण्याआधी तुमची परवानगी घ्यायला लावली आहे.

कुकी नसली, नंबर नसला तरी ओळखण्याचे आणखी मार्ग आहेत. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, ब्राउझरची आवृत्ती असं सगळं मिळून एक ठसा तयार होतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनं २०१० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, त्यातल्या ८३.६ टक्क्यांचा ठसा दुसऱ्या कुणाशीही जुळत नव्हता. त्यावर साध्या माणसाला करण्यासारखं फारसं काही नाही, सफारी आणि फायरफॉक्स थोडंफार झाकतात एवढंच.

मावशीच्या फोनवर मी कुकीजचं दार लावलं, जाहिरात आयडी हटवला. पंधरा दिवसांनी तिचा फोन. “मिक्सर गेला रे. पण आता गुडघेदुखीचं तेल दिसतंय. याला कसं कळलं?”

“तू काय वाचत होतीस तेव्हा?”

“गुडघेदुखीवरचे घरगुती उपाय.”